अनुभव धागा: तांब्याच्या पाईपला तडा गेला आणि तो घरीच जोडला

कोल्हापुरात बहुतेक घरांत नळाची लाईन जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) नाहीतर सीपीव्हीसीची (प्लॅस्टिकची). तांबं सापडतं ते गच्चीवरच्या सोलरमध्ये, जुन्या घरी न्हाणीतल्या बंबात आणि हौसेनं बांधलेल्या काही बंगल्यांत. त्यामुळे तांब्याची लाईन गळायला लागली की पहिला सल्ला ठरलेला: "काढून टाका, प्लॅस्टिकची घालू." हा धागा त्यांच्यासाठी, ज्यांनी आधी कधी गॅसच्या ज्योतीचा टॉर्च हातात धरला नव्हता, तरी पाईप स्वतः जोडला. पाणी कसं बंद केलं, सामान कुठं मिळालं, कुठं अडलं, सगळं सविस्तर लिहा. फक्त "व्हिडिओ बघा" असं लिहू नका. व्हिडिओ बघूनच सगळे इथं आलेत.

राजारामपुरी, गृहिणी

आमची सोलरच्या टाकीपासून न्हाणीपर्यंतची लाईन तांब्याची, १५ मिमीची. गच्चीच्या कठड्यावर क्लॅम्पजवळ केसाएवढा तडा होता. लांबून दिसतच नव्हता, नुसता हिरवट-पांढरा ओघळ दिसायचा. मिस्टर म्हणाले, रविवारी माणूस बोलावू. तसे बरेच रविवार गेले, मग मीच सामान आणलं.

जोडायला वेळ लागतच नाही, पाईप कोरडा करायला लागतो. सोलरच्या टाकीत रात्रभर गरम पाणी असतं, म्हणून सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर काम काढलं. टाकीचा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह बंद केला, खालच्या मजल्यावरचा नळ उघडून लाईन रिकामी केली, तडा गेलेला तुकडा कटरनं कापला. तरी थेंब थेंब येतच होतं, कारण जुना गेट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. एवढ्याशा पाण्यानंही काम अडतं. आत पाणी असेपर्यंत सगळी उष्णता त्याची वाफ करण्यात जाते, पाईप १०० अंशांच्या वर चढतच नाही. सोल्डर म्हणजे जोडाच्या फटीत वितळवून भरायची धातूची तार. बिनशिशाचं सोल्डर वितळतं २२७ अंशांना. मग टॉर्च कितीही वेळ धरा, सोल्डर गोळ्या होऊन खाली पडतं.

उपाय म्हणजे ब्रेड. घरी मिसळीसाठी आणलेला होताच. कडा काढून मधला पांढरा भाग चुरगाळला आणि टाकीच्या बाजूनं पाईपमध्ये बोटभर आत सारला. तो थेंब धरून ठेवतो आणि पुढं पाणी सोडलं की विरघळून निघून जातो. पाव नको, बहुधा चिवट असतो.

मग पाईपची टोकं आणि कपलिंगची (दोन टोकं जोडणाऱ्या आखूड नळीची) आतली बाजू पॉलिश पेपरनं गुलाबी चमक येईपर्यंत घासली. घासलेल्या जागी परत बोट लावायचं नाही, हाताचं तेल लागतं. कापताना आत वळलेली धार कानशीनं काढली. फ्लक्सची पेस्ट (तापताना तांबं काळं पडू नये आणि सोल्डर नीट पसरावं म्हणून) पातळ लावली. कठड्यामागं ओलं पोतं आणि शेजारी पाण्याची बादली ठेवली, कारण टाकीच्या कव्हरच्या आतला फोम पेटतो. ज्योत कपलिंगवर धरायची, सोल्डरवर नाही. सोल्डर ज्योतीच्या विरुद्ध बाजूनं टेकवायचं. तापमान आलं की ते आपोआप फटीत ओढलं जातं आणि कडेनं चकचकीत वर्तुळ दिसतं. तिथं थांबायचं. गार करायला पाणी ओतायचं नाही.

सासूबाई खुर्ची टाकून बघत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आता बंबाचं पण कर."

शिवाजी उद्यमनगर, वर्कशॉपवाला

काकू, नाद खुळा! पर तडा का गेला ते बघा, न्हाईतर शेजारी परत जाईल. तांबं तापलं की लांबतंय. १० मीटर पाईप ५० अंशानं तापला की साडेआठ मिमी वाढतोय. क्लॅम्प गच्च आवळलेला आसंल तर पाईप सरकणार कुठं? रोज सकाळ-संध्याकाळ तिथंच ताण येतोय आणि एक दिवस चीर पडती. क्लॅम्प जरा ढिला ठेवा, आत रबराची पट्टी घाला.

नव्या माणसाला दोन गोष्टी सांगतो. चिरेवर वरनं सोल्डर थापू नका. चीर आत किती लांब गेल्या ते दिसत न्हाई, तुकडाच बदला. दुसरं, गुजरीतनं, म्हंजे सराफांच्या पेठेतनं, ओळखीवर टाकणखार (बोरॅक्स) आणून फ्लक्स म्हणून लावणारी मंडळी आहेत. सोनार लावतोय म्हणून हितं चालंल असं न्हाई. टाकणखार वितळायला ७०० च्या वर जावं लागतंय, तवर सोल्डर कवाच वाहून जातंय. तो चांदीच्या झाळीला बरा.

आणि सोलर पॅनेलच्या आतली नळी फुटली आसंल तर साधं सोल्डर अजिबात नको. पाणी नसलेलं पॅनेल उन्हात १५० अंशाच्या फुडं जातंय. तितं ब्रेझिंगच पाहिजे, फॉस्फरसवाली तांब्याची काडी, ७०० च्या वरचं काम. ते बाहेर करून घ्या. नसंल जमत तर तेवढी एक नळी दोन्हीकडनं बंद करून बाकीच्या चालू ठेवता येत्यात. पाणी जरा कमी तापंल, पण पॅनेल भंगारात जात न्हाई.

कळंबा, कॉलेजात शिकवतो

मला आग नको होती, घरात लहान मूल आहे. कॉम्प्रेशन कपलिंग लावलं. पितळी नट, आत पितळेचं कडं. नट आवळला की कडं पाईपवर दाबून बसतं. दोन पाने लागतात, एक कपलिंग धरायला आणि एक नट फिरवायला. हातानं घट्ट करून पुढं साधारण एक फेरा. जोर लावून आवळलं तर कडं पाईपला चिमटतं आणि उलट गळती सुरू होते.

अडलं ते मापात. आपल्याकडं तांब्याचे पाईप आणि फिटिंग जास्त करून एसी-फ्रिजच्या स्पेअरच्या दुकानात मिळतात आणि तिथं माप इंचात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, पाच अष्टमांश म्हणजे १५.९. पंधराचा पाईप दोन्हींच्या मधला. दुकानदार "बसतंय की, घ्या" म्हणतो, पण जवळजवळ एक मिमीची फट सोल्डरनं भरत नाही आणि कॉम्प्रेशनचं कडंही धरत नाही. कापलेला तुकडा खिशात घेऊन जा, व्हर्नियर असेल तर तोही. मला लक्ष्मीपुरीत नाही मिळालं, शेवटी पुण्याहून मागवलं.

गंगावेश, जुनं घर

काकूंच्या सासूबाईंसाठी बंबाचं लिहितो. आमच्या बंबाची तोटी जिथं अंगाला झाळलेली आहे तिथं तडा होता. पाणी न घालता कुणीतरी जाळ केला की हे होतं, आतली झाळ सुटते. आजी म्हणायची, आधी घागर, मग काडी. मी टॉर्च घेऊन बसलो, पण अख्खा बंब तांब्याचा, एका जागी दिलेली उष्णता सगळ्या अंगभर पळते. पाईपला पुरणारी ज्योत बंबाला काहीच नाही. तांबटाकडं नेला. त्यानं कोळशाच्या भट्टीवर ती बाजू तापवली आणि काम झालं. बंब घरी करू नका एवढंच सांगायचंय.

लीड्स, मूळ कसबा बावड्याचा

इथं गोष्ट वेगळी, पाईप थंडीनं फुटतात. पाण्याचं बर्फ झालं की आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं. गंमत म्हणजे फुटल्याचं त्या दिवशी कळत नाही, बर्फच बूच होऊन बसलेलं असतं. ऊन पडलं की छतातून धार. मुख्य कॉक बहुधा किचनच्या सिंकखाली असतो, घरात आल्या दिवशी तो शोधून एकदा फिरवून बघायचा. पुशफिट कपलिंग मिळतात, नुसती दाबून बसवायची. पिण्याच्या लाईनवर शिशाचं सोल्डर इथं चालत नाही, आपल्याकडंही वापरू नये. दुकानात रेडिओ-टीव्हीवाल्याचं शिसे-कथिलाचं ६०/४० चटकन हातात देतात. रीळावर काय लिहिलंय ते वाचून घ्या.

राजेंद्रनगर, भाड्याच्या घरात

सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि दोन होज क्लिप. मालक गावाहून येईपर्यंत थेंब आला नाही. दुरुस्ती म्हणत नाही मी याला.

शाहूपुरी

गळती जोडावर असेल आणि जोडाच्या पलीकडं जीआय असेल, तर तांब्याला दोष देण्याआधी लोखंड बघा. तांबं आणि लोखंड पाण्यात थेट भिडले की लोखंड सडतं. आमच्याकडं तांब्याचा पाईप धडधाकट होता, लोखंडी एल्बो आतून चाळणी झाला होता. मध्ये इन्सुलेटिंग युनियन घातला, म्हणजे दोन्ही धातू एकमेकांना भिडू न देणारा जोड.

कळंबा

राजारामपुरीच्या काकू, एक राहिलं. तो ब्रेड नंतर कुठं अडकला नाही का?

राजारामपुरी

अडकतो, म्हणूनच पाणी सोडायच्या आधी नळाच्या तोंडाची जाळी आणि शॉवरचं डोकं काढून ठेवायचं. पहिल्या पाण्याबरोबर लगदा येतो, मागून फ्लक्सचा तेलकट वास. ते पाणी बादलीत धरून झाडांना न घालता मोरीत सोडा. वास गेला की जाळी बसवा आणि मग कोरडा टिश्यू जोडाभोवती गुंडाळून तासभर ठेवा. बोटाला न कळणारी ओल त्याला कळते.