सी हॉकच्या शेपटीत भोक काऊन नाही?

सोनेगाववाला:
मंडळी, घर विमानतळाजवळ आहे म्हणून विमानांचा आवाज ओळखतो, बाकी ज्ञान शून्य. सहावीतला भाचा सुट्टीत आला आहे. बाहेर ४५ डिग्री, त्यामुळे दुपारभर कूलरसमोर बसून आम्ही सी हॉकचं, म्हणजे आपल्या नौदलाच्या विमानवाहू जहाजावरच्या जुन्या लढाऊ जेटचं, १/७२ मापाचं किट जोडून राहिलो. काल तो म्हणतो, "मामा, हे जेट आहे ना? मग मागचं भोक कुठंय?" पाहतो तर खरंच, शेपूट बंद! पंख धडाला मिळतात तिथे मागच्या अंगाला दोन्हीकडे एकेक नळकांडं. वाटलं, डब्यात एक भाग कमी आला. पण गोव्यात दाबोळीच्या नौदल संग्रहालयात काढलेले जुने फोटो शोधले, त्यातही तसंच. असं काऊन? आणि जेट जहाजावर उतरवायला एवढं काय अवघड होतं?

धरमपेठचा डिंकवाला:
भाग बरोबर आहेत, दुकानात परत नेऊ नका. इंजिन एकच आहे, रोल्स-रॉइसचं नीन, धडाच्या मधोमध. त्या काळी इंजिनामागे गरम वायू बाहेर काढणारी लांब नळी जोडली की जोर वाया जायचा. म्हणून ते बनवणाऱ्या हॉकर कंपनीवाल्यांनी नळी आखूड ठेवली आणि पायजम्यासारखी दोन पायांत काढली. शेपटीकडची जागा मोकळी झाली, तिथे इंधनाची टाकी. व्हॅम्पायर या दुसऱ्या ब्रिटिश जेटवाल्यांनी तीच अडचण वेगळी सोडवली: धडच आखूड, शेपूट दोन दांड्यांवर. ३ डिसेंबर १९४५ ला ब्रिटिश चाचणी वैमानिक एरिक ब्राउन यांनी एचएमएस ओशन या विमानवाहू जहाजावर त्याचंच नौदलाचं रूप, सी व्हॅम्पायर, उतरवलं. जहाजावर उतरलेलं ते पहिलं निव्वळ जेट. 'निव्वळ' अशासाठी की महिनाभर आधी अमेरिकेचं फायरबॉल उतरलं होतं. त्याला पंखा (प्रोपेलर) आणि जेट दोन्ही होते, पंख्याचं इंजिन बंद पडलं म्हणून बिचारं जेटवर आलं.
नीनची आणखी एक गंमत. ९ नोव्हेंबर १९५० ला कोरियात अमेरिकी नौदलाच्या पँथर जेटने सोव्हिएत बनावटीचं मिग-१५ पाडलं. दोघांच्या पोटात नीनच्याच वंशातलं इंजिन! एकाने परवाना घेऊन बनवलेलं, दुसऱ्याने नक्कल करून.

कोराडी निवृत्त:
राजेहो, दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. ३१ वर्षं वीजकेंद्रात टर्बाइनवर काढली आहेत. फिरतं चाक हुकमासरशी वेग घेत नाही. त्या जेटांचंही तेच दुखणं. पंख्याच्या विमानात थ्रॉटल दाबला की लगेच ओढ मिळायची. जेटला पूर्ण जोर यायला कित्येक सेकंद लागायचे, आणि तेवढ्यात जहाज संपायचं. डेक तेव्हा सरळ. विमानाच्या शेपटीखालचा हूक डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकला की विमान थांबायचं; नाही अडकला तर समोर जाळी, जाळीपलीकडे उभी केलेली विमानं.
विमान बदलून भागेना, तेव्हा जहाज बदललं. १९५१ मध्ये ब्रिटिश नौदलाचे डेनिस कॅम्बेल यांनी सुचवलं, उतरायची पट्टी जरा डावीकडे तिरकी करा. तार चुकली तर समोर मोकळा समुद्र. आता टेकतानाच इंजिनाचा जोर वाढवून ठेवायचा, हूक सुटला तर तसंच उडून जायचं. निकोलस गुडहार्ट यांनी आरसा दिला: त्यातला दिवा बाजूच्या दिव्यांच्या रेषेत दिसला म्हणजे उतार बरोबर. तिसरी गोष्ट माझ्या जिव्हाळ्याची, कॉलिन मिचेल यांचं वाफेचं कॅटापल्ट, म्हणजे विमान डेकवरून जोरात पुढे फेकणारं यंत्र. जहाजाच्याच बॉयलरची वाफ लांब सिलिंडरमध्ये सोडायची, पिस्टन विमानाला ओढत नेतो. सिलिंडरला वर लांबच लांब फट असते, ती पिस्टन पुढे सरकताना वाफ न सांडता मिटवायची! टर्बाइनच्या एका ग्लँडमधून (वाफ अडवणाऱ्या सांध्यातून) वाफ गळली तर आमची शिफ्ट वाया जायची, म्हणून या माणसाला माझा नमस्कार.
ही तिन्ही आपल्या जुन्या विक्रांतवर होती. १८ मे १९६१ ला नौदलाचे वैमानिक ताहिलियानी यांनी त्यावर पहिलं जेट उतरवलं, ते सी हॉकच. १९७१ च्या युद्धात मात्र विक्रांतच्या बॉयलरच्या वॉटर ड्रमला भेगा होत्या, वेल्डिंगने भरण्यासारख्या नव्हत्या. तरी बेताचं प्रेशर ठेवून जहाज काढलं आणि ४ डिसेंबरला सी हॉक तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ल्याला गेले. ड्रमला भेग म्हटल्यावर आम्ही वीजसंच बंद केला असता, सरळ.

धरमपेठचा डिंकवाला:
काकांनी रबरी डेक सोडला! ब्राउन साहेबांनी चाकं बाहेर न काढता व्हॅम्पायर रबराच्या गादीवर पोटाने उतरवून पाहिलं, एचएमएस वॉरियरवर. चाकांचं वजन वाचेल हा हिशोब. उतरायचं ठीक जमलं, पण नंतर ते ढकलणार कसं? दरवेळी क्रेन. सोडून दिलं.
सोनेगाववाले, सी हॉकला पुढे चाक असतं, नाकात वजन भरलं का? नाहीतर शेपटीवर बसेल.

सोनेगाववाला:
बसलंच होतं! नाक पुन्हा उघडून सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे भरले, आता तीन चाकांवर उभं आहे. भाच्याने काकांचं उत्तर दोनदा वाचून घेतलं. आता म्हणतो, जहाजावर पंख दुमडून ठेवतात, तसे हवेत. काल रात्रीच सरळ चिकटवले आहेत. कापू का?

धरमपेठचा डिंकवाला:
थांबा, करवत नका लावू. संध्याकाळी फोटो टाका.