गणपतीला नातू येणार आहे, त्याला ऑटिझम आहे. घर आणि घरातली माणसं कशी तयार करू?

कुडाळची आजी

नमस्कार मंडळी. मी 66 वर्षांची. अंगणवाडीत 29 वर्षं काम करून निवृत्त झाले.

माझा नातू ठाण्याला असतो, सात वर्षांचा आहे. चार वर्षांचा असताना डॉक्टरांनी ऑटिझम सांगितला. तो बोलतो, पण आपण विचारलं आणि त्याने उत्तर दिलं असं होत नाही. लोकलमधली घोषणा जशीच्या तशी म्हणतो, त्याच बाईच्या सुरात. "पुढील स्टेशन मुलुंड." आनंद झाला की दोन्ही हात पंखांसारखे हलवतो. पाण्याच्या थेंबाकडे अर्धा अर्धा तास बघत बसतो.

गेल्या वर्षी पहिल्याच दिवशी आरतीला गडबड झाली. आमच्याकडे आरत्या पाऊण तास चालतात. माजघर लहान, माणसं चाळीस, त्यात टाळ, झांजा, पखवाज. दुसऱ्या आरतीला त्याने कान झाकले. तिसऱ्या आरतीला जमिनीवर पडून किंचाळायला लागला, स्वतःच्या हाताला चावला. भावोजींनी त्याला उचलून देवासमोर धरलं, पायावर घाला म्हणजे शांत होईल म्हणाले. जाऊबाई म्हणाल्या, मोबाइल देऊन देऊन आईनेच असं केलंय. एकाने तर गाऱ्हाणं घालायला सांगितलं. आणि मी सुनेला म्हटलं, "अगं, त्याला जरा समजावून सांग ना." हे माझं वाक्य मला वर्षभर टोचतंय. तिसऱ्या दिवशी ती मुलाला घेऊन कोकणकन्येने परत गेली.

यंदा मुलगा म्हणाला, आम्ही येत नाही. मी म्हटलं, या, पण मला दोन महिने द्या. अंगणवाडीत मुलांचं वजन, उंची, कोण कधी चालायला लागलं, कोण कधी बोलायला, सगळं मी वहीत लिहायचे. अशी मुलं माझ्यासमोरही आली असणार आणि मी त्यांना हट्टी म्हटलं असणार. आता शिकायचं आहे. आरती बंद करता येणार नाही, घरात मी एकटी नाही. मग काय करू? आणि लोकांना सांगताना शब्द कोणता वापरू? कागदावर "स्वमग्न" लिहिलंय.

नाशिकची आई

काकू, तुमची पोस्ट दोनदा वाचली. माझा मुलगा 14 वर्षांचा आहे. सासरच्या माणसांपैकी कुणी असं विचारावं म्हणून मी दहा वर्षं वाट पाहिली.

आधी जाऊबाईंचं. ऑटिझम आईच्या वागण्याने होत नाही आणि मोबाइलने होत नाही. लिओ कॅनर या डॉक्टरांनी अमेरिकेत 11 मुलांबद्दल लिहिलं ते 1943 साली, तेव्हा कुठला मोबाइल? पुढे तिकडेही आया थंड आहेत, माया करत नाहीत म्हणून मुलं अशी होतात, असं कितीतरी वर्षं डॉक्टरच सांगत होते. ते चूक निघालं. आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो आणि मेंदूची घडण जन्माआधीपासूनच वेगळी असते. हे जाऊबाईंना सुनेसमोर सांगा, तिच्या पाठीमागे नको.

दुसरं, आरतीत जे झालं तो हट्ट नव्हता. हट्ट करणारं मूल अधूनमधून आपल्याकडे बघतं, हवं ते मिळालं की थांबतं. हा मेल्टडाउन, म्हणजे सगळं असह्य होऊन मुलाचा ताबा सुटणं. त्यात मुलाच्या हातात काही राहिलेलंच नसतं. तेव्हा समजावणं, रागावणं, उचलणं, सगळ्याने ते वाढतं. आवाज आणि माणसं कमी करायची, त्याला लागणार नाही एवढं बघायचं आणि गप्प जवळ बसायचं.

तयारी आजपासून करा. घराचे फोटो काढून सुनेला पाठवा: पडवी, माजघर, मोरी, तो झोपेल ती खोली, संडासाचा दिवा कुठे लागतो तेसुद्धा. कोण कोण येणार त्यांचे चेहरे. गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची चौकट, ती माटवी, रिकामी आणि सजलेली, असे दोन्ही फोटो. माझ्या मुलासाठी आम्ही असं पुस्तकच बनवतो, प्रवासाआधी पंधरा दिवस तो ते रोज उघडतो. एक खोली त्याचीच ठेवा. पाहुण्यांच्या बॅगा, नारळाची पोती, काही तिथे नको. आरतीच्या वेळी सूनही त्याच्याबरोबर बाहेर बसली तर "देवासमोर नाही आली" असं कुणाच्या तोंडून निघू देऊ नका.

जेवणाचंही. तो कोरडा भातच खाणार असेल तर कोरडा भात वाढा. "एक घास मोदक खा, आजीने केलाय," हे मायेने म्हटलेलं असतं, पण माझा मुलगा त्यानंतर दिवसभर काहीच खात नाही.

मुद्रितशोधक

आजी, मी स्वतः ऑटिस्टिक आहे. पुण्यात पुस्तकांची मुद्रितं तपासते, वय 34. निदान 28व्या वर्षी झालं. तोवर मी घुमी, शिष्ट आणि विचित्र होते.

झांज वाजते तेव्हा आत काय होतं ते लिहिते, तुमच्या नातवाला कदाचित सांगता येणार नाही. झांजेचा आवाज मला कानाआधी दातांत लागतो. त्याच वेळी उदबत्तीचा वास, शेजारच्या बाईच्या साडीचा काठ दंडाला घासतोय तो, समोर हलणारी निरांजनं, हे सगळं सारख्याच जोराने येत असतं. तुमचं मन यातलं बरंचसं आपोआप बाजूला ठेवतं. माझं ठेवत नाही. लहानपणी मी आरतीत पळून जायचे आणि मार खायचे. देवावर माझा राग कधीच नव्हता, अजूनही पहाटे एकटीने अथर्वशीर्ष म्हणते.

म्हणून "स्वमग्न" हा शब्द मला पटत नाही. ऑटिझममधला "ऑटो" म्हणजे ग्रीकमध्ये स्वतः, त्यावरून तो बेतलेला आहे. पण मी स्वतःत मग्न नसते, बाहेरचंच जास्त आत येतं. सरकारी कागदावर तो राहू दे. तुम्ही "ऑटिस्टिक आहे" म्हणा, किंवा नुसतं "त्याला आवाज फार लागतो" म्हणा. पडवीत बसलेल्या माणसाला दुसरं वाक्य लवकर कळेल. काही पालकांना "ऑटिझम असलेला" बरं वाटतं. सुनेला विचारा.

डेमियन मिल्टन नावाचे एक ऑटिस्टिक अभ्यासक ब्रिटनमध्ये आहेत. 2012 साली त्यांनी मांडलं की न समजण्याची ही अडचण एका बाजूची नसते. आम्हाला तुमचं कळत नाही, तसं तुम्हालाही आमचं कळत नाही, फक्त दोष आमच्या नावावर लागतो. नातवाच्या घोषणांकडे या नजरेने बघा. तो "पुढील स्टेशन" कधी म्हणतो? कुणी घरात आल्यावर? निघायचं असताना? भूक लागल्यावर? वहीत लिहून ठेवा, 29 वर्षं तुम्ही हेच केलंय. आणि हात हलवतो ते थांबवू नका. डोळ्यांत बघून बोल, असंही नको. मला डोळ्यांत बघायला लावलं की समोरच्याचं बोलणं ऐकूच येत नाही.

सोलापूरचा बाबा

वरचं सगळं पटलं, तरी एक राहतंय म्हणून लिहितो. माझी मुलगी 22 वर्षांची आहे. बोलत नाही, फिट्स येतात, पाळीच्या दिवसांत सगळं तिची आई करते. "वेगळी घडण आहे, आजार नाही," असं कुणी म्हटलं की मी मान हलवतो, पण रात्री अडीचला ती डोकं भिंतीवर आपटते तेव्हा ते वाक्य माझ्या उपयोगाला येत नाही. मला माणूसबळ लागतं, झोप लागते, आणि आमच्यामागे तिचं कोण हे ठरलेलं लागतं.

काकू, तुमच्या घरी विहीर आहे का? तिला कठडा आहे का? नातू पाण्याकडे बघत बसतो असं तुम्ही लिहिलंत तिथेच मी थांबलो. आमच्या बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते, गर्दीत ती कुणाच्या लक्षात न येता निघून जातात, आणि अशा वेळी बुडण्याचा धोका सगळ्यात मोठा. भाद्रपदात तुमच्याकडे विहिरी, व्हाळ, सगळं काठोकाठ असतं. जाळी बसवून घ्या. पाळी लावा, तासाला एक माणूस, नाव घेऊन. "सगळे बघताहेत" म्हणजे कुणीच बघत नसतं.

मुलाला विचारा, नातवाचं यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलंय का. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात ऑटिझम येतो. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजनाही आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही त्यात धरतात. अठरा वर्षांनंतर गरज पडली तर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करावा लागतो. तुमच्या नातवाला अवकाश आहे, पण कागद लवकर केलेले बरे.

मुद्रितशोधक

बाबा, तुमचं बरोबर आहे. स्वीकार म्हणजे मदत कमी करायची असा अर्थ मी कधीच धरत नाही. तुमच्या मुलीचं डोकं दुखत असेल का, दात, कान, पोट, हे कुणी नीट तपासलंय का? मी बोलू शकते, तरी दुखतंय हे मला उशिरा कळतं.

सोलापूरचा बाबा

दात तपासले नव्हते. या आठवड्यात नेतो.

कुडाळची आजी

मंडळी, काल सगळे परत गेले. तुम्हाला कळवायला हवं म्हणून लिहिते.

विहिरीला लोखंडी जाळी बसवली, कुलूप लावलं. पाळीचा कागद भावोजींनीच लिहून दाराला चिकटवला. गेल्या वर्षी त्यांनीच त्याला उचललं होतं. मी त्यांना एवढंच म्हटलं, त्याच्या दातांत झांज वाजते. ते बराच वेळ गप्प होते. यंदा पहिल्या आरतीला झांजा घेतल्या नाहीत, फक्त टाळ्या. दुसऱ्या दिवशी तरुण पोरं ऐकेनात, तेव्हा आरतीआधी दहा मिनिटं सुनेला सांगायचं ठरलं आणि ती त्याला घेऊन मागच्या खळ्यात जायची. रात्री भजनी मंडळ आलं तेव्हा मात्र सांगायचं राहिलं. तो किंचाळला, हाताला चावला. पण या वेळी कुणी त्याच्याभोवती गोळा झालं नाही. सून आणि मी त्याच्या खोलीत अंधारात बसलो, बाहेर मंडळी उसळ-पाव खात होती. वीस-पंचवीस मिनिटांनी तो शांत झाला.

जाऊबाई काही बदललेल्या नाहीत. बोलत नाहीत एवढंच.

वही ठेवली. "पुढील स्टेशन मुलुंड" तो खोलीत माणसं जास्त झाली की म्हणतो. म्हणजे त्याला तिथून निघायचं असतं. चार दिवसांत 11 वेळा म्हणाला, त्यातल्या नऊ वेळा मी त्याला बाहेर नेलं आणि तो माझ्याबरोबर आला. गेल्या वर्षीही तो आरतीच्या आधी हेच म्हणत होता, मला आठवतंय. आम्ही सगळे कौतुकाने हसलो होतो.

दुपारी घर निजलं की तो माटवीखाली उताणा पडून वर बघायचा. तिसऱ्या दिवशी मीही चटई टाकून शेजारी आडवी झाले. चाळीस वर्षं मी ही माटवी बांधते आहे, कवंडळ, तिरडा, सुपारीचे घड, नारळ, पण खालून कधी बघितली नव्हती. पंख्याच्या वाऱ्याने कवंडळं हळूहळू एका बाजूला फिरतात आणि परत उलटी फिरतात. तो हात हलवत होता, त्याच लयीत. माझ्याकडे बघितलं नाही, पण पाय माझ्या पायाला लावून ठेवला होता.

आम्ही दोघं तिथे पडलेलो असताना सूनबाई आतल्या खोलीत दोन तास झोपली. लग्न होऊन आल्यापासून ती आमच्या घरी दुपारची झोपलेली मी पहिल्यांदाच पाहिली.