हल्कचा टन कोणता बे?

बर्डीवाला: काल इथे एकानं ठोकून दिलं, "स्पायडरमॅन १० टन उचलतो म्हणजे सरळ १०,००० किलो, टन म्हणजे टन, वाद कायले?" डोकंच सटकलं. मार्व्हलच्या ऑफिशियल हँडबुकातला टन अमेरिकन आहे, २,००० पाउंडांचा, म्हणजे ९०७ किलो. १० टनांतच सव्वानऊशे किलो फुकट वाढवले तुम्ही. हल्कच्या 'क्लास १००'ला, म्हणजे १०० टन उचलणाऱ्यांच्या गटाला, तर ९ टनांच्या वर फरक पडते, अन् मग रात्रभर हल्क भारी का थॉर भारी करत बसता.

तर्रीपोहे: ज्याची ताकद राग आला की वाढते त्याचे ९ टन मोजून लोणचं घालतो का बे? १९३८ चा सुपरमॅन मैलाचा आठवा भाग उडी मारे, पुढे सरळ उडालेच लागला. तेव्हा कोणी टेप धरला होता?

बर्डीवाला: आठवा भाग म्हणजे २०० मीटर. आकडा दिला म्हणून तर ती उडी डोळ्यासमोर येते ना!

इतवारीची_सून: टनाचं सोडा हो, तोळ्याचं बोला. सासूबाईंच्या पाटल्या जुन्या ४ तोळ्यांच्या, ११.६६ ग्रॅमचा तोळा. सराफानं जुनी चिठ्ठी पाहून ४० ग्रॅमचा हिशोब मांडला, मी काट्यावर ठेवायलाच लावलं तर ४६ च्या वर भरल्या.

तर्रीपोहे: वजन न करता कोण सोनं घेते वहिनी, काहीही.

इतवारीची_सून: काहीही काय? समोर बसले होते मी! वरून घट म्हणून कापलं ते वेगळंच. तुम्ही कधी दागिना मोडलाय का, की नुसतं इथे बसून ज्ञान?

प्लॉटवाला_काका: ताई बरोबर बोलून रायल्या. हिंगण्याकडे दलालानं मले १,७०० फूट सांगितलं, कागदावर १५० चौरस मीटर, गुणलं तर १,६१४ च्या जरासंच वर भरते.

बर्डीवाला: धागा हल्कचा आहे!!

तर्रीपोहे: बरं बाप्पा, अमेरिकन टन, तुझा स्पायडरमॅन ९,०७२ किलोवाला, पेढे वाट. आता हे सांग, थॉरच्या हातोड्याचं वजन १९९१ च्या ट्रेडिंग कार्डावर ४२.३ पाउंड, म्हणजे १९ किलो. तरी हल्कले हालत नाही, काऊन की लायकी लागते. लाव तिथं काटा.

बर्डीवाला: लायकी वेगळी, वजन वेगळं. कार्डावर पाउंड लिहिलाच ना शेवटी?

प्लॉटवाला_काका: ते असो, सरकारी मोजणी रजिस्ट्रीच्या आधी करून घ्यावी की नंतर? कोणी केली आहे का?