भाचीच्या लग्नात आहेर: रोख पाकीट की गिफ्ट कार्ड?

मिरजेचा मामा:
भाचीचे लग्न पुढील महिन्यात आहे. साडीचोळीखेरीज दहा हजार रुपये द्यायचे ठरले आहे. मी पाकिटाच्या बाजूचा. परंतु गिफ्ट कार्ड दिल्यास त्यातून घेतलेली वस्तू पाहून मामा-मामींची आठवण होईल, असे सौभाग्यवतींचे म्हणणे आहे. लग्नानंतर भाची गुहागरला राहील. अनुभवी मंडळींनी सल्ला द्यावा.

निवृत्त रोखपाल:
कार्ड ज्या दुकानाचे घ्याल, त्याची शाखा निदान चिपळूणला तरी आहे का, हे आधी पाहावे. शिवाय कार्डे दोन प्रकारची असतात आणि घोळ तेथेच होतो. बँकेचे किंवा रिझर्व्ह बँकेची परवानगी असलेल्या कंपनीचे गिफ्ट कार्ड अनेक दुकानांत चालते. त्यावर १०,००० रुपयांहून अधिक रक्कम भरता येत नाही, ती रोखीने काढता येत नाही आणि त्याची मुदत किमान एक वर्ष असते. एखाद्या दुकानाने फक्त स्वतःच्या मालासाठी काढलेल्या कार्डाला मात्र हे नियम लागू नसल्यामुळे मुदत आणि अटी दुकानदार ठरवेल त्या. आम्हांला असे पाच हजारांचे कार्ड मिळाले होते. कुकर आणि कढई मिळून ४,७८० रुपये झाले. उरलेल्या २२० रुपयांत तेथे धड गाळणीही येईना, आणि सहा महिन्यांनी ते पैसे बुडाले. पाकीटच द्यावे.

नांदेडची लेक:
रोखपालसाहेबांचा हिशेब बरोबर आहे. परंतु पाकीट वधूच्या हाती राहते, हे त्यांनी गृहीत धरले आहे. माझ्या लग्नात पाकिटे त्याच रात्री सतरंजीवर ओतून फोडली गेली, कोणी किती दिले ते वहीत उतरवले गेले आणि सकाळी ती सारी रक्कम केटररच्या उरलेल्या बिलात गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, कारण आहेर हा घराघरांतला देण्याघेण्याचा व्यवहार आहे आणि तो फेडावाही लागतो. मात्र मावशीने दिलेले तीन हजारांचे कार्ड कोणाच्याच उपयोगाचे नसल्याने तेवढे माझ्याकडे राहिले, आणि त्यातून घेतलेली इस्त्री मी आजही वापरते.

रत्नागिरीकर:
मुदत फक्त कार्डालाच असते असे नाही. आमच्या आजीने कपाटात जपलेल्या पाकिटांतील पाचशे-हजाराच्या नोटा नोव्हेंबर २०१६ मध्ये रांगेत उभे राहून बँकेत भराव्या लागल्या होत्या. भाचीचे स्वतःचे खाते असेल, तर रक्कम थेट त्यातच भरा. ती तिची राहील आणि गुहागरलाही वापरता येईल.

मिरजेचा मामा:
सर्वांचे आभार. खाते तिच्या एकटीच्या नावावर आहे, असे बहिणीने कळवले. मांडवात ५०१ रुपयांचे पाकीट द्यायचे आणि उरलेली रक्कम खात्यात भरायची, असे ठरले. आठवणीचा मुद्दा सौभाग्यवतींनी अजून सोडलेला नाही. त्यामुळे कुकर हवा की मिक्सर, हे भाचीच्या आईकडून काढून घेण्याचे काम सध्या फोनवर चालू आहे.