‘हो हो’ म्हणणारे बाबा: म्हाताऱ्या आईवडिलांशी बोलतानाचे अनुभव

रानजाई
काल माळा आवरताना बाबांचं कानाचं मशीन सापडलं. सोबत बॅटऱ्यांची पाकिटं, सगळ्यांच्या नारिंगी पट्ट्या सोलून परत चिकटवलेल्या. ती पट्टी काढली की हवा लागून बॅटरी चालू होते, मग वापरा नाहीतर ठेवा, उतरतच जाते. बाबांनी ‘चांगल्या आहेत ना’ बघायला एकदम सोलल्या होत्या. मी केवढी ओरडले होते तेव्हा. तेवढंच बहुतेक त्यांना स्पष्ट ऐकू गेलं असेल.

शेवटी शेवटी कशालाही ‘हो हो’ म्हणायचे. जेवलात? हो हो. गोळी घेतली? हो हो. आम्हाला वाटलं, बाबा निवळले. एकदा दादाने विचारलं, “बँकेत तुम्ही जाता की मी जाऊ?” “हो हो.” तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला.

तुमच्याकडे काय? लिहा.

पिंपळपान
सासऱ्यांचं मशीन डबीत, डबी कपाटात, किल्ली सासूबाईंच्या कमरेला. म्हणे पाहुणे आले की लावीन 😀

बाराखडी
याच क्षेत्रात आहे म्हणून लिहिते. वयाने आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात. स, श, फ, त ऐकू येत नाहीत, म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही. ओरडून काही होत नाही. टीव्ही बंद करा, समोर बसा, तोंड दिसू द्या, सावकाश बोला. स्वयंपाकघरातून हाका मारणं तर सोडूनच द्या.

रानजाई
मी कायम स्वयंपाकघरातूनच…

उंबरठा
हयातीचा दाखला! आईचा अंगठा मशीनवर उठेचना. “भांडी घासून रेघा गेल्या गं.” मग फोनवर चेहरा दाखवून करायला बसलो. डोळे मिचकाव म्हटलं तर गच्च मिटून रामरक्षा सुरू. चौथ्या खेपेला झालं. (केंद्राचं पेन्शन आणि वय ८० च्या पुढे असेल तर १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, नोव्हेंबरची गर्दी टळते.)

सांजवेळ
हसू नका पण घाबरायची एक गोष्ट. सासूबाई एका रात्रीत असंबद्ध बोलायला लागल्या, मला त्यांची वारलेली बहीण समजून भांडल्या. आम्ही म्हटलं झालं, डोकं गेलं. रक्त तपासलं तर सोडियम ११८. बीपीची गोळी लघवी वाढवणारी होती, तिने उतरलं. आठवड्यात मूळपदावर, म्हणजे माझ्याशी माझ्या नावाने भांडायला लागल्या.

पिंपळपान
@सांजवेळ बापरे. आता बऱ्या आहेत ना?

सांजवेळ
ठणठणीत. आत्ता लसूण सोलतायत.

दूरदेशी
न्यू जर्सी. नऊ वर्षं व्हिडिओ कॉलवर आईचं कपाळ आणि छताचा पंखा बघतोय. पंखा मध्ये बदलला, ते मला आधी कळलं, बाबांचा पाय मुरगळलेला महिन्याने. “तू तिथून काय करणार होतास?” यावर उत्तर नाही.

गावकुस
आमचे अण्णा ७५ झाले आणि एसटी फुकट. तेव्हापासून घरात सापडत नाहीत. सकाळची कराड गाडी, दुपारी परत. कराडला काय आहे? काही नाही. कंडक्टर ओळखीचा झालाय, त्याच्या मुलीला स्थळ बघतायत.

उंबरठा
मुलगी काय करते? आमच्या भाच्यासाठी बघतोय 😛

बाराखडी
@रानजाई नारिंगी पट्टी म्हणजे १३ नंबरची बॅटरी. मशीन चालू असेल तर टाकू नका, कुणालातरी होईल.

रानजाई
हो, आतला मोल्ड (कानात बसतो तो तुकडा) मात्र बाबांच्या कानाच्या मापाचा आहे. तो काढून ठेवीन. कुकर झाला, येते.