डेंग्यूत घरून बातम्या दिल्या. ते दिवस रजेचे की हजेरीचे?

पालिकाबीट, कोथरूड

नमस्कार. पुण्यातल्या एका मराठी दैनिकात बातमीदार आहे. महापालिका आणि आरोग्य ही माझी बीट, म्हणजे बातम्यांचे नेमून दिलेले विषय. गेल्या आठवड्यात कणकण आली, दुसऱ्या दिवशी १०३ ताप. एनएस-१ तपासणीत डेंग्यू निघाला. डॉक्टरांनी विश्रांती लिहून दिली, चिठ्ठीचा फोटो मी ब्युरोच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांचे ‘काळजी घे’ आले आणि तासाभरात चीफचा, म्हणजे मुख्य बातमीदारांचा, फोन: खड्ड्यांच्या निविदेची कागदपत्रं तुझ्याकडेच आहेत ना, तेवढी बातमी घरून दे. दिली. मग रोज एक. एका संध्याकाळी उलटी करून आले आणि परत लॅपटॉपसमोर बसले, कारण पहिल्या पानाला अँकर, म्हणजे तळाची मोठी बातमी, हवा होता.

आता पोर्टलवर बघते तर एचआरने हे दिवस साप्ताहिक सुट्टी, साठलेल्या बदली सुट्ट्या आणि उरलेली पीएल (अर्जित पगारी रजा) असे बसवलेत. काम मी केलं आणि रजाही माझीच गेली. मेडिकल लीव्हचा रकाना आहे, पण ‘ती ॲडमिट असलात तरच’ असं सांगतात.

काल रात्री ताप उतरला. चीफना कळवलं तर म्हणाले, मग उद्यापासून ये, आयुक्तांची पत्रकार परिषद आहे. माणूस वाईट नाही. ब्युरोत माणसंच कमी आहेत. आणि माझ्या जागी दुसरं कोणी गेलं तर बीट तिकडेच राहील, ही भीती मला आहेच. २०२५ च्या जानेवारीत जीबीएसची (गीयाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली तेव्हा पुण्याजवळच्या नांदेड गाव, किरकटवाडी, खडकवासला या भागात टँकर आणि आरओ प्रकल्पांच्या पाण्यामागे फिरून डॉक्टर, अधिकारी जोडले होते. ते कसे सोडू?

घरून काम केलेले दिवस कशात धरायचे? आणि उद्या जाऊ का?

डेस्क ट्रेनी, धनकवडी

ताई, मेडिकल लावू नका. आमच्याकडे मेडिकल लावली की वर्षाअखेरीला अप्रेझलमध्ये तो विषय निघतो. आम्ही सगळे तापातही पीएलच टाकतो. माझ्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापतात, पण त्याचं कार्डसुद्धा अजून कोणी हातात दिलेलं नाही.

निवृत्त रात्रपाळी, नारायण पेठ

मुली, ‘तू’ म्हणतो, राग मानू नकोस. आयुष्य डेस्कवर, म्हणजे बातम्या तपासून पानं लावण्यात, गेलं, त्यातली बहुतेक वर्षं रात्रपाळीचा मुख्य उपसंपादक म्हणून.

उद्या अजिबात जायचं नाही. ताप उतरला म्हणजे डेंग्यू बरा झाला असं नसतं. उलट ताप उतरतो त्यानंतरचे एक-दोन दिवस सगळ्यात जपायचे. प्लेटलेट त्याच वेळी खाली येतात, काही रुग्णांत रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं. पोटात जोरात दुखणं, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, ग्लानी, हातपाय गार पडणं, यातलं काहीही झालं तर रात्र आहे म्हणून थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन असलेली गोळी घेऊ नकोस, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. आरोग्याचं बीट करतेस म्हणजे हे सगळं तू लिहिलेलं असणार. पण स्वतः अंथरुणात असताना बातमी आधी आठवते, म्हणून पुन्हा सांगतो.

आता रजा. ‘ॲडमिट असलात तरच’ हे कायद्यात कुठेही नाही. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने दोन गोष्टी वेगवेगळ्या दिल्या: कामावर घालवलेल्या काळाच्या किमान एक-अकरांश इतकी पूर्ण पगारी अर्जित रजा आणि सेवेच्या काळाच्या किमान एक-अठरांश इतकी अर्धपगारी रजा, वैद्यकीय प्रमाणपत्रावर. प्रमाणपत्रावर, हे लक्षात ठेव. रुग्णालयाच्या खाटेचा त्यात संबंध नाही. दीड वर्ष नोकरी झाली की महिनाभराची अर्धपगारी रजा तुझ्या नावावर जमते. तो कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती संहितेत सामावला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. वेबसाइट आणि चॅनेलवाले पत्रकारही आता त्यात येतात.

साप्ताहिक सुट्टी ही आजारपण भरून काढायला ठेवलेली नाही. सात दिवसांत सलग २४ तास विश्रांती आणि चार आठवड्यांत १४४ तासांपेक्षा जास्त काम नाही, हे पत्रकारांसाठी १९५५ पासून आहे. धडधाकट असताना मिळायची विश्रांती आजारपणात वळती केली, तर ती विश्रांती तुला मिळालीच नाही.

आणि ज्या दिवशी तू बातमी लिहून पाठवलीस तो दिवस हजेरीचा. पानावर तारीख आहे, ईमेलवर वेळ आहे. प्रत्येक दिवसाची कात्रणं आणि ईमेल काढून ठेव. एचआरला लिही, हे दिवस कामाचे धरा आणि सुट्ट्या परत जमा करा. भांडणाचा सूर नको, तारखांचा तक्ता पुरे.

आजपासून मात्र काम बंद. चीफला आणि एचआरला एकाच ईमेलमध्ये लिही: डॉक्टर कामावर जायची परवानगी देईपर्यंत मी वैद्यकीय रजेवर आहे, प्रमाणपत्र सोबत जोडलं आहे, निविदेची कागदपत्रं सहकाऱ्याकडे पाठवली आहेत. कागद पाठव, बातमी लिहून देऊ नकोस. एकदा लिहून दिलीस की तू रजेवर आहेस हे कोणाच्या लक्षातही राहत नाही. बीट जाण्याची भीती मी कमी लेखत नाही, मी ती पाहिली आहे. पण किरकटवाडीत तुझ्यासोबत चिखलात उभा राहिलेला डॉक्टर पुढच्या सोमवारीही तुझाच फोन उचलेल.

ट्रेनी, तुला स्वतंत्र सांगतो. सगळेच तापात पीएल टाकतात म्हणून कंपनीच्या नोंदीत तुमचा डेस्क वर्षानुवर्षं निरोगी दिसतो. मग जादा माणूस मागायला वृत्तसंपादक कोणत्या तोंडाने जाणार? आमच्या हॉलला खिडक्या नव्हत्या, एसी एकच, दिवसपाळीचा कीबोर्ड रात्रपाळीला. एक जण खोकत आला की पंधरवड्यात अर्धा डेस्क पडायचा. एक सहकारी असाच बरेच आठवडे खोकत होता. रजा शिल्लक होती, पण रविवारची पुरवणी त्याच्याशिवाय कोण लावणार म्हणून येत राहिला. आम्ही त्याला आल्याचा चहा देत राहिलो. शेवटी क्षयरोग निघाला आणि शेजारी बसणाऱ्या सगळ्यांना तपासणीला जावं लागलं. त्याच्या घरी तान्हं मूल होतं. आजही त्याचा विचार आला की मला राग येतो, त्याचा नाही, त्या पुरवणीचा.

तुझा ईएसआय कापतात म्हणजे तुझा पगार २१,००० च्या मर्यादेत आहे. मग तुला पगाराच्या ७० टक्के आजारपण भत्ता मिळू शकतो, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. अट अशी की सहा महिन्यांच्या वर्गणी काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली हवी. आजारपणाचे पहिले दोन दिवस सहसा धरत नाहीत. प्रमाणपत्र मात्र ईएसआयच्याच डॉक्टरचं लागतं. विमा क्रमांक एचआरकडे लेखी माग, मिळाला की आधी आपला दवाखाना कोणता ते बघून ठेव. धनकवडीहून बिबवेवाडीचं ईएसआय रुग्णालय जवळ आहे. आणि हा भत्ता चालू असताना मालकाला कामावरून काढता येत नाही, असं ईएसआय कायद्याच्या कलम ७३ मध्ये होतं. तो कायदाही २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे, तेव्हा आता त्या संहितेत काय आहे ते बघ.

भोर वार्ताहर

सर, तुम्ही डेस्कचं सांगता. आम्हा तालुक्याच्या लोकांना रजाच नाही. मानधन, त्यावर जाहिरातीचं कमिशन. गेल्या पावसाळ्यात टायफॉइड होता, हाताला सलाईन, आणि भाटघरचा पाणीसाठा किती झाला म्हणून डाक आवृत्तीच्या (बाहेरगावी जाणाऱ्या, लवकर छापायच्या अंकाच्या) वेळेला फोन. बायकोने पाटबंधारेला विचारून आकडा सांगितला. नाही दिला तर दुसऱ्या पेपरात येतो आणि मग खुलासा मागतात.

निवृत्त रात्रपाळी, नारायण पेठ

भोरकर, पत्रकारितेवरच मुख्यतः पोट असलेला आणि पेपरने नेमलेला माणूस अर्धवेळ असला तरी श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत बसतो. अडतं ते ‘नेमलेला’ या शब्दापाशी, कारण कागद कोणी देत नाही. ओळखपत्र, मानधनाच्या बँकेतल्या नोंदी, बातम्या मागणारे मेसेज, सगळं जपून ठेवा आणि नवी पेठेत पत्रकार भवनात येऊन श्रमिक पत्रकार संघाच्या लोकांना दाखवा. तुमच्या बाबतीत लढाई लांबची आहे, खोटी आशा दाखवणार नाही. आणि वहिनींना नमस्कार सांगा.

सदाशिव पेठेतली लाईन

मी पेपर टाकतो. बातमीदार नाही, पण विषय आमचाही आहे म्हणून लिहितो. पहाटे सेंटरवर गठ्ठे उतरतात, पुरवण्या घालायच्या, सातच्या आत लाईन, म्हणजे आपल्या वाटपाची घरं, संपवायची. ताप असला तरी गिऱ्हाईकाला पेपर लागतो. आम्ही शेजारच्या लाईनवाल्यांनी मिळून एक केलंय: प्रत्येकाच्या लाईनची वही दुसऱ्याकडे असते. कोणता वाडा, कितवा मजला, कोणाला कोणता पेपर, कोणाच्या कडीला अडकवायचा, सगळं. एक जण पडला की बाकीचे त्याची लाईन वाटून घेतात, त्या दिवसांचा पैसा त्याचाच. गेल्या वर्षी मला कावीळ झाली, पण एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. तुमच्याकडे अशी वही नाही का?

पालिकाबीट, कोथरूड

सगळ्यांचे आभार. दुपारी ईमेल पाठवला, निविदेची कागदपत्रं शिक्षण बीटच्या मैत्रिणीला दिली. चीफचं उत्तर आलं, ‘ठीक आहे, बरी हो.’ एचआरचं अजून नाही, पोर्टलवर बदली सुट्ट्या तशाच आहेत. कात्रणं काढतेय. वहीचं काका, खरंच नाही आमच्याकडे. मैत्रिणीशी बोलले, एकमेकींच्या बीटची लिहायची ठरलंय.

उद्या सकाळी पुन्हा सीबीसी (रक्तपेशींची तपासणी) आहे.

निवृत्त रात्रपाळी, नारायण पेठ

रिपोर्टमध्ये एकट्या प्लेटलेटवर थांबू नकोस, हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) चढलंय का तेही डॉक्टरांना विचार. आणि आकडे इथे टाक.