मदत हवी आहे: भाच्याला सिस्टिनुरिया निघालाय, कोणाला अनुभव आहे का?

नमस्कार मंडळी, भाचा १९ वर्षांचा, होस्टेलला असतो, त्याला परत परत मुतखडे होतात म्हणून शेवटी खडा तपासायला दिला तर तो सिस्टिनचा निघाला. डॉक्टरांनी सांगितलं ते असं की किडनीच्या पेशींच्या आवरणात एक वाहक प्रोटीन असतं जे सिस्टिन, लायसिन, आर्जिनिन, ऑर्निथिन ही चार अमिनो आम्लं लघवीतून परत रक्तात ओढून घेतं, ते जन्मतःच बिघडलेलं आहे (जीन SLC३A१ किंवा SLC७A९). बाकीची तीन विरघळून निघून जातात, सिस्टिन मात्र आम्लधर्मी लघवीत विरघळत नाही आणि त्याचेच खडे होतात.

आता रोज ३ लिटरच्या वर पाणी, रात्रीसुद्धा उठून प्यायचं, लघवीतलं आम्ल कमी करायला पोटॅशियम सायट्रेटचं औषध, आणि मीठ कमी कारण मिठाने लघवीत सिस्टिन जास्त पडतं म्हणे.

विचारायचं असं की मेसच्या जेवणात मीठ कसं सांभाळता, लोणचं पापड बंद केलं तरी भाजी आमटीचं काय? लघवीचा पीएच (किती आम्लधर्मी आहे ते) घरी पट्टीने बघता का? आणि टायोप्रोनिन (सिस्टिन विरघळवून ठेवणारं औषध) कोणी घेतंय का, त्रास काय होतो? धाकट्या बहिणीचीही तपासणी करावी का? प्लीज सांगा, पोराचे हाल बघवत नाहीत.